बाहुलीच्या डोक्यावरचं पाणी

सिस्टर, तुम्ही माझ्याशी एक बोललात आणि माळ्याच्या बायकोशी दुसरंच, हे मला गेल्या रविवारी कळलं. तुम्ही हयात असता तर तशीच भांडायला आले असते. तुम्हाला मातीत ठेवून चाळीसेक पावसाळे झाले, मी दवाखान्यातून पेन्शनीत निघाले, गुडघे गेले. तुमच्याशी भांडायची हौस तेवढी गेली नाही.

बाहुलीपासून सांगते. कॉन्व्हेंटात शनिवारी दुपारी तुम्ही आम्हा मोठ्या मुलींकडून चिंध्यांच्या बाहुलीला बाप्तिस्मा देऊन घ्यायचात. फादर जवळ नसले आणि मूल मरणाला टेकलं, तर आपल्यातल्या कुणीही तो द्यावा. मात्र पाणी कपाळावरून वाहिलं पाहिजे आणि शब्द चुकता कामा नयेत. माझे कधीच चुकले नाहीत. बाहुली भिजून भिजून तिला बुरशी आली, तेव्हा मी म्हटलं, "सिस्टर, हिला आता स्वर्गापेक्षा उन्हाची गरज आहे." तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून उभं केलंत. मराठीतलं तुम्हाला एक 'तू'च येत होतं. डॉक्टरांनाही तू, देवालाही तू. "तुझी जीभ एक दिवस तुला रडवील," म्हणालात.

मग प्लेग आला. कोल्हापूर ओस पडलं, माणसं माळावर झोपड्या घालून राहिली आणि मी तुमच्या हाताखाली त्या झोपड्यांतून फिरू लागले. आपल्या बागेतला आजऱ्याकडचा माळी त्यातच गेला. तो, त्याची बायको आणि तीन वर्षांची मुलगी, तिघांचा बाप्तिस्मा ईस्टरला ठरला होता. चार दिवसांनी मुलगी पडली. फादर दुसऱ्या गावी होते, तुम्हाला उभं राहायला सवड नव्हती. "तू जा. तुला शब्द येतात," म्हणालात.

दुपार आहे. छपराचं पाचट तापलंय. तांब्यात अर्धंच पाणी आहे, विहीर लांब. माळ्याची बायको पोरीच्या पायाशी बसली आहे. "बाई, नाव घाला की लौकर. तिचा बा तसाच गेला." एवढं बोलून तिने तुम्ही शिकवल्याप्रमाणे डोळे गच्च मिटले. मी तांब्या उचलला. पोरीने तोंड उघडलं. मी पाणी तिच्या तोंडात घातलं, शेवटच्या थेंबापर्यंत. बाईने डोळे उघडले. "घातलं न्हवं, बाई?"

"घातलं," मी म्हणाले.

दिवस मावळायला पोर गेली. विहिरीवर मी तुम्हाला सगळं सांगितलं, तेही ताठ मानेनं: "तहानेल्या पोरीचं पाणी कपाळावर ओतून घेणारा देव माझा नव्हे." तुमचं तोंड पांढरं पडलं. "तू तिच्या तोंडावर स्वर्गाचं दार लावलंस," म्हणालात. आठव्या दिवशी तुम्हीही गेलात, आणि आपल्या दोघींत तेच वाक्य शेवटचं राहिलं.

त्यानंतर चर्चमधली मिस्साची एकही उपासना चुकवली नाही. मागच्या बाकावर बसायचं, 'आमच्या अपराधांची क्षमा कर' आलं की नुसते ओठ हलवायचे. तांब्याभर पाण्यासाठी जो पोरीला बाहेर ठेवतो, त्याच्याकडे कसली क्षमा मागायची? आणि तो ठेवत नसेल, तर तुम्ही तसं बोललात कशाला? रात्रंदिवस हेच. ती बाई दर ईस्टरला आजऱ्याहून येते. ती दिसली की मी बाजूच्या दाराने निघून जायची. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. पायरीवरच गाठलं तिने. केस पांढरेफेक, हातात काजूची पुरचुंडी.

"काय बाई, आज ते दार गावलं न्हाई व्हय?"

तिथेच सगळं ओकले मी. पोरीला बाप्तिस्मा दिलाच नव्हता, खोटं बोलले, सगळं. ती काजू निवडत ऐकत होती.

"ठावं हाय की मला."

"कुणी सांगितलं?"

"शिष्टरनी. दुसऱ्याच दिशी आलत्या. भुईवर बसल्या, माजा हात धरला. म्हनल्या, माज्या पोरीकडनं चूक झाली, तिला माफ कर. आनि तुजी लेक देवाच्या मांडीवर हाय, भिऊ नगं."

"आणि तुम्हाला ते पटलं?"

"मग? देव काय मामलेदार हाय व्हय, कागुद न्हाई म्हनून लेकराला दारातनं माघारी धाडाय? दर सालाला हेच तुमास्नी सांगाय येत हुतो मी. तर तुमी पळतायसा!"

तिला मांडी आणि मला दार! संताप संताप झाला, सिस्टर. घरी येईपर्यंत पुटपुटत होते. उंबऱ्यावर टेकले तेव्हा आठवलं: ताप चढल्यावर तुम्ही मला दोनदा बोलावणं पाठवलं होतं. मी काम आहे म्हणून कळवलं आणि तुमच्या उशाशी दुसरीला बसवलं. काय सांगायला बोलावत होतात, ते आता कळलं. मग रडले. तुमचं भाकीत खरं झालं, पण रडून इतकं हलकं वाटेल हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. काल प्रार्थनेत त्या क्षमेच्या ओळीला आवाज फुटला. शंका संपली असं म्हणत नाही. तीही माझ्यासारखी पेन्शनीत निघाली आहे. अधूनमधून येते, बसते, जाते.

पत्र प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवते, टपालवाल्याला पत्ता काय सांगू? फक्त एक राहिलं. ते तहानेचं, जे मी तुम्हाला ताठ मानेनं ऐकवलं, ते मला विहिरीकडे येताना सुचलं होतं. झोपडीत मला बाप्तिस्म्याचे शब्दच आठवले नाहीत, सिस्टर. पोरीने तोंड उघडलं, म्हणून पाणी तिकडे गेलं. ती दया असेलच, तर माझी नव्हती.