वाईट नाही

अकोट फैल, अकोला
१२ जानेवारी १९६३

प्रिय चंद्रभान,

एकाच गावात राहून पत्र लिहितोय, तुला हसू येईल. तुझं जठारपेठ इथून काही परदेशात नाही, सायकल काढली तर अर्ध्या घटकेत तुझ्या दारात असेन. पण समोर बसलो की तू खांद्यावर हात टाकतोस, 'सोड ना गा' म्हणतोस आणि मी सोडून देतो. या वेळी सोडायचं नाही, म्हणून कागद घेतला.

घरचं आधी सांगतो. बाबांना कापसाच्या जिनातलं काम आता झेपत नाही. रुईची धूळ छातीत बसली आहे, सकाळी उठले की बराच वेळ खोकत राहतात. तुझी इंदूवहिनी सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसते आहे. स्वयंपाक झाला की चुलीपाशीच धडा वाचते आणि अडलं की मला हाक मारते. माझी शाळा आहे तशीच आहे. परवा नववीच्या वर्गात युफेमिझम शिकवत होतो. अप्रिय गोष्ट गोड करून सांगायची इंग्रजांची रीत, असं म्हटलं, तर वर्ग नुसता बघत बसला. मग माझ्या तोंडून आपलंच जुनं उदाहरण निघालं. वाणी दुकान बंद करतो, पण 'बंद केलं' म्हणत नाही, 'वाढवलं' म्हणतो. सगळा वर्ग हसला. मला मात्र अमरावतीचं कॉलेज आठवलं, आणि फळा पुसायच्या निमित्तानं मी पाठ फिरवली.

तिथल्या त्या कडुनिंबाखाली तू कपाळ धरून बसायचास. सरांनी फळ्यावर अलंकारांची नावं लिहिली की तू म्हणायचास, "धर्मपाल, मले काईच समजून नाई राहिलं. हे कोन्या रोगाचे नावं हायेत गा?" तू इंग्रजीत एकदा आपटला होतास आणि पुन्हा आपटलास तर केशवमामा शिक्षण बंद करून शेतीवर बसवणार होते. मग मी तुला तुझ्याच घरातली बोली उलगडून दाखवायला लागलो. उशिरा उठल्यावर वडील 'उठले का राजेसाहेब' म्हणतात, ती आयरनी. 'घरात खाणारी तोंडं सात' म्हणतात, तिथं तोंडामागचा अख्खा माणूस समजायचा. तुला गोडी लागली. बाजारात भाजीवाल्याशी बोलतानाही तू मध्येच माझ्याकडे वळून विचारायचास, "हे कोनतं?" फक्त लायटोटीजपाशी गाडी अडली. उलट शब्द घेऊन त्याला 'नाही' लावायचं आणि त्यातून होकार सांगायचा, हे तुझ्या डोक्यात शिरेना. "चांगलं हाय तर चांगलं म्हना ना बाप्पा," म्हणायचास.

त्या दिवाळीत तू मला मोझरीच्या पुढे तुझ्या गावी नेलंस. आम्ही बौद्ध होऊन दोन वर्षं झाली होती. माझं नवं नाव मला स्वतःलाच अजून कोऱ्या सदऱ्यासारखं टोचायचं. हे नाव गावात घेऊ नकोस, असं तुझ्या काकांनी तुला बजावलं होतं, आणि तू मुद्दाम वेशीपासून 'धर्मपाल, धर्मपाल' अशा हाका मारत चाललास. घरी मला ओट्यावर पत्रावळ वाढली. तू आतून तुझं ताट उचलून आणलंस आणि माझ्या शेजारी मांडी घातलीस. तुझ्या आईनं, पार्बताबाईंनी, ते बघितलं. आत गेल्या, तुपाची वाटी घेऊन आल्या. शेजारच्या बाईनं कुंपणावरून विचारलं, "कोन व्हय वो हा?" पार्बताबाई माझ्या भातावर तूप सोडत म्हणाल्या, "चंद्रभानचा दोस्त हाय. पोरगं वाईट नाई." तुला ठसका लागला. घास तोंडात, डोळ्यांत पाणी, आणि तू ओरडलास, "लायटोटीज! धर्मपाल, हाच ना गा लायटोटीज?" पार्बताबाईंना वाटलं आपलं काही चुकलं. आपण दोघं हसून हसून आडवे झालो.

त्या जेवणाच्या जोरावर मी किती वर्षं काढली, तुला कल्पना नाही. नागपूरला एम.ए. करताना वसतिगृहात कुणी काही टाकून बोललं, की मी मनात म्हणायचो, माझा एक माणूस ताट घेऊन बाहेर आला होता.

म्हणून गेल्या जूनमध्ये तुमच्या कॉलेजात मुलाखतीला आलो आणि टेबलाच्या पलीकडे तुला बघितलं, तेव्हा माझी भीतीच गेली. तू तिथं वर्षभर आधी लागला होतास, केशवमामा संस्थेचे अध्यक्ष होते, याचं मला कधीच वैषम्य नव्हतं. नागपूरहून तज्ज्ञ म्हणून आलेल्या प्राध्यापकांनी माझ्या हातात एक उतारा ठेवला. लेखक वरवर कुणाची तरी स्तुती करतो आणि आतून त्याला सोलून काढतो. मी ओळीओळीनं दाखवत गेलो, स्तुती कुठं संपते, आयरनी कुठं सुरू होते, तीच तीच शब्दरचना परत का येते. प्राध्यापकांनी खुर्ची पुढे ओढली. दोनदा 'गुड' म्हणाले. मग केशवरावांनी तुझ्याकडे मान वळवली. "तुमी तं संगं होते याच्या. कसं हाय याचं इंग्रजी?"

तू कागदावर कागद ठेवलास, त्यांच्या कडा जुळवल्यास आणि म्हणालास, "वाईट नाही." जरा थांबून पुढे म्हणालास, "शाळेतल्या पोरांना छान शिकवतो."

"मंग शाळेतच शोभते तो," केशवराव म्हणाले. सगळे हसले. तूही हसलास, चंद्रभान. मी तुझ्याकडे बघत होतो.

आठवड्यानं तू मला मोटार स्टँडवर गाठलंस. जागा दुसऱ्याला गेल्याचं तोवर कळलं होतं. "मी तं तुई तारीफच केली गा," म्हणालास, "लायटोटीज होता तो. तुले तरी समजाले पाहिजे होतं." मीच शिकवलेली गोष्ट तू माझ्यासमोर ढालीसारखी धरलीस, आणि क्षणभर मलाच वाटलं, आपण चुकीचं ऐकलं असेल.

तेव्हापासून मी ते दोन शब्द पुष्कळदा घोळवून पाहिले. तुझ्या आईचे आणि तुझे शब्द एकच. पण त्या बोलल्या तेव्हा त्यांचा हात माझ्या पानात वाढत होता. तुझा हात माझे कागद आवरत होता. त्या खोलीत 'वाईट नाही'चा तो जुना अर्थ ठाऊक असणारे दोघेच होते, तू आणि मी, आणि नेमणूक करणारा तिसरा होता. हे तुला ठाऊक होतं.

मुलाखतीच्या संध्याकाळी बाबा जिनातून धावत घरी आले होते. पोरगा प्रोफेसर होणार, असं त्यांनी तिथं सगळ्यांना सांगितलं होतं. "झालं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी विचार करू म्हणाले. इंदूनं हातातली भाकर परातीत ठेवली. "सिधं सांगा ना त्यायले," ती म्हणाली, "कावून गुंडाळून राहिले?" मग मी सांगितलं, मला घेणार नाहीत. बाबांनी तोंड धुतलं आणि ते न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी ते कामावर मागच्या फाटकानं गेले.

आता तुझा परवाचा निरोप. नेमलेला माणूस सोडून गेला, जागा रिकामी आहे, तू मामांना पटवलं आहेस. मी आधी त्यांच्या घरी जाऊन आभार मानावेत, जूनचा विषय काढू नये, आणि पहिल्या वर्षाचं व्याकरण तेवढं घ्यावं, साहित्य तूच शिकवशील. चंद्रभान, मी केशवरावांच्या घरी येणार नाही. जाहिरात आली त्याच दिवशी मी अर्ज रजिस्टर पोस्टानं संस्थेला पाठवला, पोच आली आहे. साहित्य शिकवायचं म्हणून अर्ज केला आहे. येत्या गुरुवारी मुलाखत आहे, मी येतो. बाबाही येणार आहेत, ते पुढच्या फाटकाशी बसून राहतील. तुला विचारलं, तर त्या लोकांना समजेल अशा भाषेत सांग, याला येतं किंवा याला येत नाही. तेवढं धैर्य नसेल तर त्या दिवशी रजा टाक. मी तुझ्यावाचून माझी परीक्षा देईन.

एके काळचा तुझाच,
धर्मपाल