विक्कीच्या गेमची ट्रायल

आर्णी,
रविवार

प्रिय विक्की,

सप्रेम जय भीम.

तुह्या कंपनीचा तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम आठ दिवस चालवून पाह्यला. तू आईच्या फोनवर निरोप टाकला होता, की गाडी खरी वाटावी म्हणून आम्ही दोन वर्षं खपलो, भाऊचं गॅरेज आहे, त्यानं चालवून पाहावा अन् खरं काय ते सांगावं. तर खरं सांगतो. इतका भंगार माल माह्या गॅरेजात आजवर आला नाही. आठ वर्षं आर्णीत पाय न ठेवणाऱ्या, लायसन असून स्कूटीलेबी हात न लावणाऱ्या माणसानं गाड्यांचा गेम बनवावा, गंमत तर इथूनच सुरू होते. फोनवर बोललो असतो, पण तू मधात बोलतं अन् माहं राहून जाते. म्हणून कागद घेतला.

पहिले तर क्लचच नाही. ऑटोमॅटिक आहे म्हणशील, तर मंग गिअरचे आकडे कायले दाखवतं? इंजिनचा आवाज मिक्सरमधी चटणी फिरवल्यासारखा. दोनशेच्या स्पीडनं वळणावर घातली, तर गाडी ना कलली ना टायर सरकलं. ट्रकले समोरून धडकवली, बंपरले ओरखडा नाही. मांगून एक निळी गाडी आली अन् माह्या गाडीच्या आरपार निघून गेली. याले तुम्ही पुण्यात फिजिक्स म्हणता म्हणे. तुमच्या इथं एक तरी माणूस आहे का बे, ज्यानं जिंदगीत पंक्चर काढलं असन?

रस्ता पाहून तर हसावं का रडावं समजेना. कोसभर एक गड्डा नाही. आपल्याकडं सोयाबीन निघालं का अर्धा रस्ता वाळवणानं भरते, ट्रॉलीले मांगचा लाइट नसते, बैल मधात उभा राह्यते अन् हॉर्न मारला तर आपल्याकडंच पाह्यते. तुह्या रस्त्यावर कुत्रंबी नाही. पाण्या-पावसाची लेव्हल उघडली, तर पाणी वरून पडते अन् टायरले पत्ताच नाही. काळ्या मातीच्या गाऱ्यात टायर कसं सरकते, हे आता तुले मी सांगावं? तू तर त्यात दोनदा पडला आहे.

तरी मी ट्रायल आपल्या पद्धतीनंच घेतली, गिऱ्हाइकाची गाडी घेतो तशी. पहिले हळू चालवून हात सोडला, डाव्या अंगाले ओढते का पाह्यलं. मंग सरळ रस्त्यावर ब्रेक मारून शेपूट फिरते का पाह्यलं. काईच होत नाही. फोन वाकडा करता करता मीच खाटेवर आडवा झालो, तर आई हसून हसून बेजार. माही बोटं ग्रीसनं जाड झालेली, त्या काचेले कळतच नाहीत. मंग आईनंच फोन घेतला, अन् एकाच रेसमधी दुसरी आली. जिनं कधी सायकल चालवली नाही ते आपली माय तुळसाबाई ज्या गेममधी दुसरी येते, तो खरा कसा म्हणावा, तूच सांग.

अन् ब्रेक. त्या ब्रेकवर तर माही सटकलीच. डोंगराच्या लेव्हलमधी एक लांब उतार आहे. तिथून मी मुद्दाम गाडी फुल स्पीडनं सोडली अन् ब्रेक दाबला. जागच्या जागी उभी. परत केलं. चाळीस खेपा केलं. दर खेपेले पहिल्याच दाबात ब्रेक. असा ब्रेक दुनियेत कोणत्याच गाडीले नसते, अन् हे तुले माहीत नाही असं होऊच शकत नाही. आईले विचारलं, तर तिनं सांगतलं, ब्रेकचं काम विक्कीकडंच आहे, कंपनीत त्यावरून त्याचं भांडणबी झालं, पण तो बदलायले तयार नाही. मले असा राग आला. म्हतलं, भित्रं आहे लेकाचं, खोटा ब्रेक बनवून त्याच्या आड लपून बसलं.

मंग रात्री ध्यानात आलं, असा ब्रेक तू कायले बनवला. तांड्यावरच्या देवसिंगची जीप आठवली नाही असा दिवस तुहा गेला नसन. त्या दिवशी आपण दोघांनी मिळून तिच्या ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढली. मी सीटवर बसून पेडल मारून राह्यलो होतो, तू खाली चाकाशी पाना घेऊन. मी दाबलं म्हणायचो, तू चाकामागचं हवेचं निपल ढिलं करून हवा सोडायचा अन् परत आवळायचा. देवसिंग गाडी घेऊन गेला, अन् अरुणावतीच्या पुलाकडच्या उतारावर त्याचं पेडल पार खाली गेलं. गाडी बाभळीवर. त्याचा गुडघा अजूनबी वाकत नाही. मागच्या डाव्या चाकाचं निपल ढिलं निघालं, सगळं ऑइल गळालेलं. चार लोकांपुढं मी तुह्याकडं पाह्यलं अन् म्हतलं, "पाना तुह्या हातात होता." तू एकोणीस वर्षांचा. आठवड्यात बॅग भरून पुण्याले गेला.

काल सकाळी मी देवसिंगच्या तांड्यावर गेलतो. त्याले जे सांगतलं, तेच तुले लिहितो. त्या दिवशी तू हात धुवायले गेला, तेव्हा मले पेडल थोडं नरम वाटलं. मी एकटाच खाली गेलो, डाव्या चाकाचं निपल परत उघडलं, तितक्यात रस्त्यावरून कोणी आवाज देल्ला अन् मी न आवळता उठलो. बाभळीपाशी ते ढिलं निपल पाह्यलं तेव्हाच मले सगळं आठवलं. म्हणजे तुह्याकडं बोट दाखवलं, तेव्हा मले माहीत होतं. लोक गॅरेजात गाडी आणणार नाहीत म्हणून घाबरलो, अन् मंग तू गेलाच होता, तर गप्प बसलो. भित्रा तू नाही, मी आहे. देवसिंग म्हणाला, "आठ वर्षं मी त्या पोट्ट्याले शिव्या देल्या. मले कायले सांगतं? त्याले सांग." तर सांगतो. तू निपल घट्ट आवळलं होतं, विक्की. मी ते उघडायले गेलो, तर मले पान्यावर दोन्ही हातांनी जोर लावावा लागला होता.

तुहाच भाऊ,
श्रावण