मानाचा पेला

नाशिकरोड, बुधवार

प्रिय उज्वला,

तुझं निमंत्रण फोनवर आलं. 'विशू डिअर' अशी सुरुवात, मधे सहा लाल बदाम, आणि खाली नथ घालून, हातात पितळी पेला धरून हसणारी तू. रविवारी सकाळी अकरा वाजता इंदिरानगरच्या हॉलमध्ये तुझ्या 'मानाचा पेला' या पेजचे दोन लाख फॉलोअर्स झाल्याचा सोहळा, आणि प्रमुख पाहुणी मी. बावन्न वर्षांत तू मला हळदीकुंकवालाही कधी बोलावलं नाहीस, आणि आता एकदम व्यासपीठावर! 'आपला वारसा' या विषयावर पाच मिनिटं बोल, म्हणतेस. बोलेन की. विषय माझ्या चांगला ओळखीचा आहे. उत्तर मुद्दाम कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर लिहिलेलं तू किती चपळाईनं पुसतेस ते मी नुकतंच पाहिलं आहे. कागद पुसता येत नाही. फाडता येतो, पण माझ्याकडे झेरॉक्स आहे.

तुझं पेज मला कुणी दाखवलं ते आधी सांगते. माझी भाची स्नेहा. गुणी मुलगी आहे, फक्त जे पडद्यावर चमकतं ते तिला खरं वाटतं. माझ्या वाढदिवसाला तिनं तुझ्याकडून मागवलेला पेला मला भेट दिला. खोकं उघडलं तर आत गवत, गवतात पेला आणि पेल्यात सोनेरी अक्षरांचं कार्ड. 'आमच्या खापरपणजोबांना दरबारात मिळालेल्या मानाच्या पेल्याची हुबेहूब प्रतिकृती. मूळ पेल्यावर "मान" ही अक्षरं कोरलेली आहेत. दरोडेखोरांशी झालेल्या झटापटीत त्याला पोचा पडला, पण मान गेला नाही.' स्नेहा म्हणाली, "मावशी, बघ ना, पोचापण सेम टू सेम दिलाय!" मी चष्मा लावला. तुला ठाऊकच असेल, मी प्रेसमध्ये छत्तीस वर्षं तपासणीला होते. टपाल तिकिटांच्या तावांवर एक टिंब कमी पडलं असेल तर शोधायचं, हे माझं काम. डोळे म्हातारे झाले, पण खोड गेली नाही. तुझ्या पेल्यावर टिंबाटिंबांनी कोरलेला 'मा' होता, मग पोचा, मग 'न'. 'मा' आणि 'न' यांच्यामध्ये बरोबर एका अक्षराची जागा मोकळी होती. 'मान' असं लिहिणारा कारागीर मधे एवढी जागा सोडत नाही, उज्वला. तिथं एक अक्षर होतं. आणि ते कोणतं होतं हे जगात आता दोनच बायकांना ठाऊक आहे.

तो पेला माझ्या आईचा, मालनबाईचा.

तिच्या लग्नात तिच्या भावानं भांडी बाजारातून तांब्या आणि पेला घेतला आणि दोन्हींवर नाव घालून घेतलं. तांब्यावर पूर्ण नाव, 'सौ. मालन झुंबर गांगुर्डे', आणि पेला लहान म्हणून त्यावर नुसतं 'मालन'. आई शाळेत गेली नव्हती. तिला वाचता येणारा जगातला एकच शब्द तो. पेला घासताना ती राखेचं बोट त्या टिंबांवरून फिरवायची आणि मला म्हणायची, "हा मा, हा ल, हा न. हे मी." माझी पहिली पाटी म्हणजे तो पेला. कॉन्व्हेंट नंतर आलं.

माझे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायचे आणि तुझे बाबा तिथंच इंजिनिअर. आई तुमच्या क्वार्टरमध्ये धुणंभांडी करायला यायची ती मागच्या दारानं. चहा द्यायची वेळ आली तेव्हा तुझी आजी म्हणाली, तुझं भांडं तूच आण, आमच्याकडे जास्तीचं नाही. तुमच्या फडताळात काचेचे चोवीस कप होते, मी मोजले होते. आईनं स्वतःचा पेला नेला. तो तुमच्या मोरीच्या खिडकीत पालथा असायचा. आई तो सुलटा करून धुण्याच्या दगडावर ठेवायची आणि दोन पावलं मागं सरायची. मग तुझी आजी हात उंच करून वरून चहाची धार सोडायची. एवढ्या वरून का? तर पातेलं पेल्याला लागू नये म्हणून. धारेचे शिंतोडे आईच्या पायावर उडायचे आणि ती हसत म्हणायची, "लय गरम हाय, बाई."

आता तुझी ती सगळ्यात गाजलेली रील आठव. नऊवारी, मागे समई, आणि तू हात उंच करून त्याच पेल्यात ताकाची धार सोडते आहेस. वर म्हणतेस, "आमच्याकडे असंच वरून ओतायची पद्धत आहे, ही आमच्या घराण्याची मानाची धार." सायलीनं ते काय सुंदर टिपलं आहे! तुझ्या लेकीच्या हातात कला आहे, यात शंका नाही. सात लाख लोकांनी ते पाहिलं. आता पुण्याच्या, ठाण्याच्या, कुठल्या कुठल्या मुली हात उंच करून धार सोडतात आणि खाली लिहितात, आपली संस्कृती. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. त्यांच्या हातात भांडं आलं, भांड्याबरोबर गोष्ट आली, त्यांनी दोन्ही घेतलं. पण तू ती धार पाहिली आहेस. शाळेच्या बसमधून उतरून मी मागच्या दाराशी आईची वाट बघत उभी असायचे तेव्हा तू जाळीच्या दारामागे पेरू खात उभी असायचीस. हात अगदी आजीसारखा उचलतेस हं. मनगट वळवायची तऱ्हासुद्धा तीच. हात लक्षात राहिला आणि हाताचं कारण विसरलं, असं मला आधी वाटलं होतं. मी तुझ्याविषयी नेहमीच जरा बरा विचार करत आले.

शाळेत मात्र आपण एका बाकावर. युनिफॉर्म एकसारखा, बूट एकसारखे, रिबिनी एकसारख्या. सिस्टर म्हणायच्या, देवाला सगळी मुलं सारखी. देवाला असतील. कॉलनीचा थांबा आला की तू पुढच्या दारानं घरात आणि मी मागच्या. तुझ्या डब्यातली साटोरी तू मला द्यायचीस आणि माझ्याकडून गणितं उतरवून घ्यायचीस. तेव्हा मला तो सौदा बरोबरीचा वाटायचा.

आता तो दिवस. पाचवीचा निकाल लागला होता, मे महिना, आपण अंगणात लंगडी खेळत होतो. तुला तहान लागली. घरात गेलीस तर आजी झोपायला लावेल म्हणून तू मोरीच्या खिडकीतला पेला उचललास, नळाखाली धरलास आणि घटाघटा प्यायलीस. मी बघतच राहिले. मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. वाटलं, झालं, आता मिटलं सगळं. तेवढ्यात तुझी आजी दारात आली. पेला तुझ्या ओठांना लागलेला. तिनं विचारलं, हे काय? आणि तू, एका क्षणाचाही विचार न करता म्हणालीस, "विशूनं मला बळजबरीनं पाणी पाजलं."

आजीनं सांडशी आणली. सांडशीनं तो पेला धरला, जणू काही विंचू पकडला आहे, आणि अंगणात भिरकावला. तो धुण्याच्या दगडावर आपटला. दरोडेखोर म्हणे! तुमच्या घराण्यानं एकच झटापट केली, ती सांडशीनं, आणि तीही पेल्याशी. मग तुला डोक्यावरून आंघोळ घातली आणि आईला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. आई मोरीतून उठली, ओले हात पदराला पुसले, माझ्यापाशी आली आणि माझ्या थोबाडीत मारली. तिनं मला आयुष्यात मारलं ते तेवढं एकदाच, आणि ते तुझ्या शब्दावर. तू न्हाणीघराच्या दारात टॉवेल गुंडाळून उभी होतीस. आपली नजरानजर झाली. तू आत वळून दार लावून घेतलंस. मग आईनं पेला उचलला, त्यावरून बोट फिरवलं. मा होता, न होता, मधे पोचा. तो पुन्हा तुमच्या खिडकीत ठेवून ती म्हणाली, "हे माझं नाव नाय आता. ठेवा तुम्हालाच."

घरी जाताना मी हुंदके देत सांगितलं की मी नाही पाजलं, तिनंच घेतलं. आई म्हणाली, "मला म्हाईत हाय. पण त्या बाईनं तुझ्यावर हात टाकायच्या आत मी मारलं. माझ्या हाताचं लागत नाय." उज्वला, लागतं. त्रेसष्टाव्या वर्षीही लागतं. त्यानंतर आईनं दुसरी कामं धरली, पण कुणाच्याही घरी चहा म्हणून घेतला नाही. नऊ वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या मनात राग नव्हता. तो सगळा तिनं माझ्यासाठी ठेवला असावा. मी तो नीट जपला आहे, बघतेसच.

तरीही मी तुला संधी दिली होती. अकरा वर्षांच्या पोरीनं घाबरून खोटं बोलणं मी समजू शकते. वाटलं, पेला माळ्यावरून निघाला असेल, अक्षरं वाचली असतील, खरंच 'मान' वाटलं असेल. म्हणून गेल्या आठवड्यात त्या रीलखाली मी एकच ओळ लिहिली, अगदी सभ्यपणे. 'मा आणि न यांच्या मधलं अक्षर कुठं गेलं?' खाली माझं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. चहा गाळून येईपर्यंत ती ओळ नाहीशी झाली होती. स्नेहा म्हणाली, चुकून उडाली असेल. आणि दुसऱ्याच दिवशी तुझं निमंत्रण आलं. विशू डिअर, प्रमुख पाहुणी, शाल, श्रीफळ आणि चांदीचा मुलामा दिलेला पेला. तेव्हा कळलं की तुला सगळं आठवतं. ज्याला काही आठवत नाही तो माणूस पुसापुशी करत नाही. माझं तोंड तू शालीनं बांधायला निघाली आहेस, आणि तेही माझ्याच आईच्या पेल्याची नक्कल माझ्या हातात देऊन!

तर आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. माफी मागू नकोस, तुझ्या माफीलाही तू समई लावून धार सोडशील. पेला परतही नको. आईनं तो तुम्हाला दिला आहे, आणि आईनं दिलेलं मी परत घेणारी कोण? तू एवढंच करायचंस. भांडी बाजारात हातानं नाव घालणारा एक म्हातारा अजून बसतो. मी चौकशी केली आहे, शनिवारी सकाळी तो असतो. सायलीला पाठवू नकोस, स्वतः जा. पोचा काढून घेऊ नकोस, त्या पोच्यातच 'ल' घालून घे. रविवारी व्यासपीठावर तो पेला उचल, त्यावरचं नाव मोठ्यानं वाच, ती कोण आणि धार उंचावरून का, ते सांग, आणि मग त्यातून पाणी पी. या वेळी कुणी बळजबरी केली नाही हेही सांग. नंतर तो तुझ्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेव, जन्मभर. येणारा-जाणारा विचारेल, मालन कोण? आणि दर वेळी तुला उत्तर द्यावं लागेल. मला एवढंच हवं आहे, आणि ते कमी नाही हे तुलाही कळतंय. हे केलंस तर मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन आणि एक शब्द न बोलता घरी येईन. नाही केलंस तर माझी पाच मिनिटं आहेतच. पूर्ण नावाचा तांब्या स्नेहाच्या पिशवीत असेल, त्यावर त्याच हातानं घातलेलं, त्याच वळणाचं 'मालन', आणि स्नेहाच्या हातात फोन. तुझ्या सायलीइतकं तिला टिपता येत नाही, पण एवढं पुरेल. त्या दिवशी अंगणात मी तुला पाणी पाजलं नव्हतं, उज्वला. येत्या रविवारी पाजणार आहे.

तुझीच,
विशाखा,
मालनची मुलगी