उंबराखालचा म्हातारा

अहिल्यानगर,
दि. १० फेब्रुवारी

चि. आमोस यास,
मरियाताईचे अनेक आशीर्वाद आणि प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

फोनवर तू बरंय म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. बोर्डिंगात असताना अप्पांनी आपल्याला दर महिन्याला पत्र लिहायला लावलं, त्याचा आता एवढा तरी उपयोग होऊ दे. पत्रात तुला थापा मारता येत नाहीत. दुसऱ्या पानावर तू स्वतःच सगळं ओकतोस.

मुद्द्याचं बोलते. शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुझा नंबर लावला होता. अकरापासून दीडपर्यंत मी गुडघा चोळत बाकावर बसले. तू आला नाहीस. संध्याकाळी कळलं की साहेब गोदावरीवर मासे धरायला गेले होते! पारनेरच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलीस, टँकरच्या पाण्याशिवाय पाणी पाहिलं नाहीस, आणि नोव्हेंबरात रत्नाच्या माहेरच्या घरी राहायला काय गेलास, लगेच मासेमार झालास. रत्ना असती तर तिने कान धरून तुला गाडीत बसवलं असतं. ती नाही, म्हणून मला वाईटपणा घ्यावा लागतो.

नाताळात तू माझ्याकडे चहा कपाबाहेर ओतलास. डाव्या बाजूला माझी नात एंजल ताट घेऊन उभी होती, तिच्यावर आदळलास आणि वर तिलाच रागावलास. पोरगी बिचारी रडली. मी सदतीस वर्षं नर्स होते, आमोस. अप्पांना काचबिंदू होता. त्यांची नजर अशीच कडेकडेने गेली, आणि गेलेली परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते. तू त्रेसष्टचा आहेस. याच वयात अप्पा भिंतीला हात लावून चालायला लागले होते. मला झोप येत नाही. कधी येतोस ते लिही.

रागावलेली, तरी लोभ तसूभरही कमी न झालेली,
मरिया


पुणतांबा,
दि. १९ फेब्रुवारी

ती. मरियाताईस,
आमोसचा सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. वाचलं, चपला घालून नदीवर गेलो, परत आलो, पुन्हा वाचलं, पुन्हा गेलो. हल्ली घरात बूड टेकत नाही. रेडिओ लावतो, बंद करतो. दाराला रंग द्यायला घेतला तो अर्धाच राहिलाय.

डॉक्टरांकडे आलो नाही हे चुकलं, मान्य. पण त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की राहवेना. आमच्या नोहाने नाताळात विलायतेहून मासे धरायची काठी आणली ना, तिचा हा प्रताप. पोरगा तिकडे सुट्टीच्या दिवशी कार्प धरतो, म्हणजे आपल्याकडे बाजारात मिळतात ते सायप्रिनस मासे. गळाला कणीक नाही, गांडूळ नाही. नुसती पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. वजन माशीला नसतं, काठीच्या दोराला असतं. तो डोक्यावरून मागे-पुढे झुलवायचा आणि माशी अलगद माशाच्या तोंडापुढे उतरवायची. उगाच पाण्यात टाकून भागत नाही. आधी मासा दिसला पाहिजे, त्याचं तोंड कुठे आहे ते कळलं पाहिजे. सध्या बंधाऱ्याला फळ्या टाकून नदी अडवल्यामुळे पाणी तुडुंब आहे आणि रात्री गार पडतं. दुपारी काठाचं उथळ पाणी तापलं की हे मासे गाळात तोंड खुपसून चरायला येतात. शेपटीचं टोक वर आणि खाली गाळाचा ढग. काय देखणं दिसतं म्हणून सांगू!

म्हणजे मला दिसतं, ताई. दिसत नसतं तर हा नाद लागला असता का? अजून एकही लागलेला नाही, ते सोड.

माशा मी स्वतः बांधतो. कोंबड्याची पिसं संपली तेव्हा नाताळच्या नाटकातल्या देवदूताच्या पंखांतली चार उपटली. पाळकसाहेबांना बोलू नकोस. इथे कडूबाई म्हणून एक बाई रोज धुणं धुवायला येतात, त्या मला हसतात. म्हणतात की मास्तर, पिसाला कोन भुलतंय, वाईच पीठ तरी लावा, माशाला बी अक्कल हाय. परवा त्यांच्या शेळीचा खुंटा पायाला लागून नडगी सोलली. नेमका डावीकडे ठोकलेला, कोण बघणार?

येतो ग. एक मासा काढतो आणि येतो. एकच.

तुझ्या शिव्यांवर वाढलेला,
आमोस


अहिल्यानगर,
दि. १४ मार्च

चि. आमोस यास,
मरियाताईचे आशीर्वाद. वि. वि.

दुसरा नंबरही फुकट गेला. डॉक्टरांच्या हाताखालची मुलगी आता मला बघून हसते. खुंटा डावीकडे, एंजल डावीकडे, आणि म्हणे मला दिसतं! मास्तर, शंभरात चार गुणांचं उत्तर झालं, काठावर पास सुद्धा नाही.

एकटा नदीवर जात असशील तर निदान त्या कडूबाईंना सांगून जात जा. काठावर शेवाळ असतं. इथे गाडीची शिटी ऐकली तरी मी दारात येते, तू आलास की काय म्हणून. सून म्हणते की आई, तुम्ही बसा हो जरा. कशी बसू?

एक विचारते. तुला भीती वाटते का रे? वाटत असेल तर तसं सरळ लिही. मी हसणार नाही.

वाट बघून बघून मान दुखत असलेली,
ताई


पुणतांबा,
दि. २७ एप्रिल

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

वाटते. झालं समाधान? डॉक्टरने सांगितलं की ते खरं ठरतं, तोवर ती नुसती तुझी काळजी असते. शेवटच्या वर्षी अप्पा मला रोज विचारायचे की बाहेर उजाडलं का. मी चित्रकलेचा मास्तर, आणि त्यांना नीट उत्तर देता यायचं नाही. ते आठवलं की मी उठून नदीवर जातो. तिथे तेवढा वेळ बरं वाटतं.

त्यातून आता तर निघणं शक्यच नाही. उन्हाळ्याचं तंत्र वेगळं आहे. दुपारी मासे खोल जातात, म्हणून सकाळी सहालाच काठ गाठायचा. घाटापलीकडचं उंबराचं झाड पिकलंय. फळं टपटप पाण्यात पडतात आणि मासे वर येऊन ओठांनी चोखून घेतात. मी तांबड्या लोकरीची उंबराएवढी माशी बांधली आहे. रत्नाच्या जुन्या स्वेटरची लोकर आहे, ती रागावली नसती.

आणि त्या झाडाखाली एक आहे, ताई! माझ्या हाताएवढा लांब, काळी पाठ, पंधरा किलोच्या खाली नसेल. मी त्याला म्हातारा म्हणतो. आठ दिवस झाले, तो जागा सोडत नाही. कल्ल्याजवळचे पर तेवढे सावकाश हलवत असतो. मी पन्नास वेळा त्याच्या नाकावर माशी उतरवली, पण ढिम्म. असला मग्रूर मासा नोहाने सुद्धा पाहिला नसेल. आता इथल्या बायका धुणं थांबवून माझ्याकडे बघतात. कडूबाई हसायच्या बंद झाल्या आहेत. काल तर घरून चहा घेऊन आल्या.

हा काढला की त्याच दिवशी गाडीत बसतो. शपथेवर.

थोडा धीर आणि पुष्कळ माया मागणारा,
आमोस


अहिल्यानगर,
दि. ६ मे

आमोस,
आशीर्वाद आहेतच. वि. वि.

आठ दिवस एका जागी उभा राहणारा मासा मी ऐकला नाही. पण मला माशातलं काय कळतं, तळलेला तेवढा ओळखते.

सोमवार, २६ मे, सकाळी साडेअकरा. हा तिसरा नंबर. या वेळी आला नाहीस तर हा गुडघा घेऊन मी पुणतांब्याला उतरेन आणि त्या उंबराखाली सगळ्या बायांसमोर तुझा तमाशा करेन. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तुला मी कडेवर वाढवलं. अप्पांना हाताला धरून चालवलं ते मीच. आता तुलाही चालवायचं का? माझ्याच्याने होणार नाही रे.

यापुढे शब्द नाहीत. लोभ आहे, तो तुला दिसेल तेव्हा दिसेल.
मरिया


पुणतांबा,
दि. २२ मे

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

मंगळवारी बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या. पाणी दीड-दोन हात उतरलं. काल सकाळी गेलो तर म्हातारा जागेवरच होता, पण त्याची पाठ पाण्याबाहेर होती. कोरडी. आणि तिच्यावर कडूबाई गोधडी आपटत होत्या.

दगड आहे, ताई. धुण्याचा दगड. फळ्या टाकल्या की बुडतो, काढल्या की वर येतो, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मी राहायला आलो तेव्हा तो बुडालेला होता. पर म्हणून जे हलत होतं ते शेवाळ. महिनाभर मी एका दगडाच्या नाकावर माशी उतरवत होतो.

मी हसलो. कडूबाई हसल्या नाहीत. सांगितलं का नाही म्हणून विचारलं, तर पदर तोंडाला लावून म्हणाल्या की समद्या बायकांनी ठरवलं हुतं, मास्तर एकले ऱ्हातात, नादात असत्यात, कशाला मन मोडायचं. तिथेच संपलं असतं तर मी तुला गंमत म्हणून लिहिलं असतं. पण त्या पुढे म्हणाल्या की मास्तर, खरे मासे तर रोज तुमच्या डाव्या हाताला यायचे, काठीभर अंतरावर, पाच-पाच सहा-सहा, शेपट्या वर करून. तुमी कधी ढुंकून बघितलं न्हाई. मला वाटलं, मास्तरला बारके नगं, मोठाच पायजे.

मी मान वळवली. होते, ताई. चार होते. गाळाचा ढग, वर शेपट्या, सगळं फेब्रुवारीत तुला लिहिलं होतं तसंच. मान सरळ केली, गेले. पुन्हा वळवली, आले. मग उजवा डोळा हाताने झाकला, तर नदी नाही, झाड नाही, शेजारी उभ्या असलेल्या कडूबाई नाहीत. फक्त मधोमध बांगडीएवढं पाणी उरलं.

त्या चौघांवर माशी टाकली नाही. काठी तिथेच टाकून घरी आलो. काठी कडूबाईंनी उचलून घरी आणली.

सोमवारी सकाळच्या गाडीने येतो. सगळं तुझ्याच डॉक्टरांच्या हाती. फार भीती वाटते आहे, तशीच घेऊन येतो. तू स्टेशनवर ये आणि माझ्या उजव्या हाताला उभी राहा. डावीकडे राहिलीस तर मी तुझ्या समोरून निघून जाईन, ताई, आणि मला कळणारही नाही.

तुझ्या लोभाला धरूनच गाडीतून उतरणारा,
आमोस