एकाच मापाचे तीन चेहरे

शनिवार, सायंकाळ. नांदुरा.

चौकात आज फ्लेक्स लागला. देशासाठी वर्षानुवर्षे खेळलेल्या दोन नामांकित हॉकीपटूंच्या मधोमध माझी नात प्रांजली, आणि तिघींचे चेहरे अगदी एकाच मापाचे. कनिष्ठ संघाची निवड चाचणी सोमवारी आहे; सत्कार मात्र आजच उरकला.

मी मुलाला, विलासला, म्हटले की तुलना समान परिस्थितीतच ग्राह्य ठरते. त्या दोघी कृत्रिम गवतावर कसलेल्या बचावफळीशी खेळतात. ही मुरमाच्या मैदानावर, आपल्याच वयाच्या मुलींशी. तो हसला. "आबा, तुमचं तर्कशास्त्र ठेवा कपाटात. पोरगी त्यायच्याही पुढं जाते, पाहजा!"

शाल सावरत ती मंचावरून उतरली तेव्हा प्रत्येक पायरीवर उजवाच पाय आधी टाकत होती. घरी आल्यावर मी विचारले.

"गुडघा दुखून राह्यला थोडासा. बाबाले सांगू नका, आबा. आता फ्लेक्स लागला ना."

युक्तिवाद म्हणून हे टाकाऊ आहे. तरी मला ते खोडता आले नाही. का?

त्या दोघींचा गुडघा दुखला तर त्यांना बाहेर बसवणारे डॉक्टर असतात. हिचे दुखणे फक्त मला ठाऊक आहे. तुलनेतला निर्णायक फरक हाच, आणि तो फ्लेक्सवर दिसत नाही.

विलास खाली पेढे वाटतो आहे. त्याने आत्ताच तिला हाक मारली. दारातून मला जिना दिसतो: उजवा पाय, मग शेजारी डावा. थांबणे. पुन्हा उजवा.

आता उठून विलासला सांगायला हवे. आणि मी अजून लिहीत बसलो आहे.