प्र.च्या खोलीचं तापमान

२ एप्रिल, गुरुवार
पुन्हा तेच. शिफ्टवरून आले तर आई प्र.ला पेपरने वारा घालत बसलेल्या. दुपारी लाइट गेली, आली, पण एसी आपोआप सुरू होत नाही. रिमोट आईंच्या हातात. "बटनं दाबली गं, पन ऐकतंच न्हाय. मना दिसत न्हाय." सासूबाईंना मोतीबिंदू, त्यांना तरी काय बोलणार.
प्र.चा चेहरा लालबुंद, अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. मणक्याला मार बसल्यापासून मानेखाली घाम येतच नाही. खोली तापली की तो तापतो. थर्मामीटर १०२. तासभर ओली फडकी.
टेम्पोवर ताडपत्री बांधताना पडला, त्याला जूनमध्ये दोन वर्षं. (प्रमोदला प्र. लिहायची सवय लग्नाआधीची. सुटत नाही.)

५ एप्रिल, रविवार
व्हिडिओत पाहिलेला भिंतीवरचा गोल थर्मोस्टॅट विचारायला दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वो अपने यहाँ नहीं चलेगा. वो पूरे घर की एक मशीन के लिए है." मग एक छोटा डबा दाखवला. रिमोटचं काम हाच करतो, खोली तापली की एसी लावतो, फोनवर आकडा दिसतो.
त्याने विचारलं ते लिहून आणलं. एसी रिमोटवाला का? हो. वायफाय आतल्या खोलीत पोचतं? बघायला हवं. डब्यासमोर आडवं काही? कपाट. सरकवू.

७ एप्रिल
अन्सारीभाई आले, आपले वायरमन. डबा लावला. मग मेन स्विच पाडून दहा मिनिटं थांबलो सगळे. परत चालू केला. आधी वायफाय, मग डबा, मग एसीने टिंग केलं. आईंनी हात जोडले. प्र. छताकडे बघत होता.

९ एप्रिल
चहाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढला तर खोली ३४. गोडाऊनमध्ये आत फोन न्यायचा नाही. म्हणजे आकडा चढत होता तेव्हा मी पट्ट्यावर पार्सलं स्कॅन करत होते. ज्यासाठी घेतलं तेच...
घरी फोन केला. आईंनी ओली साडी नेमकी डब्यासमोर वाळत घातलेली! डबा सांगत राहिला, एसीला ऐकू जाईना. साडी काढली, सुरू झाला.
अन्सारीभाई म्हणाले, सोबत बोलण्यावर चालणारा स्पीकर लावा. प्र.चे हात नाहीत चालत, आवाज तर आहे.

११ एप्रिल, शनि.
आम्ही लावलेल्या स्पीकरला मराठी कळेना. शेवटी प्र. हिंदीत म्हणाला, "एसी चालू करो." टिंग.
हसला. खरंच हसला. "दोन वर्षांनी कुणीतरी माझं ऐकलं."
मग बंद करो, चालू करो, बंद करो. आई ओरडल्या, "मोडशील त्याला!" मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

१४ एप्रिल
जयंती. सुट्टी. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा प्र.ने स्पीकरला सांगून एसी बंद केला आणि मला म्हणाला, खिडकी उघड. ढोल आत आले. दरवर्षी याचाच टेम्पो सजायचा, निळे झेंडे लावून, पुढे हा. वीस मिनिटं तसाच ऐकत पडला. आवाज लांब गेल्यावर मी खिडकी लावली. एसी मीच लावला.

१७ एप्रिल, शुक्र.
चहाच्या सुट्टीत फोन. ३७. तिथूनच चालू केला. आईंना चार वेळा फोन, पाचव्यांदा उचलला. डोळा लागला होता. रजा टाकून गोडाऊनहून रिक्षाने घरी. १०३. बडबडत होता, मला ओळखायला वेळ लागला.
ताप उतरल्यावर फोनमध्ये पाहिलं. लाइट गेलीच नव्हती. १२.४०, बंद. आवाजावरून. मुद्दाम बंद केला की डबा आपणहून लावत नाही.
आई त्या स्पीकरशी बोलत नाहीत, घाबरतात.

१८ एप्रिल
विचारलं. "थंडी वाजली," म्हणाला.
"आणि सदतीस झाल्यावर?"
तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाला, "सुजा, कंटाळा नाही येत तुला?"
नाही म्हटलं. फार पटकन म्हटलं.

१९ एप्रिल, रविवार
अन्सारीभाईंना फोनवर विचारलं, आवाजाचं बंद करता येतं का? "भाभी, दो मिनट का काम है." का, ते त्यांनी विचारलं नाही.
स्पीकरची वायर काढायला गेले. प्र. माझ्या हाताकडे बघत होता. "तेवढं एक राहू दे गं."
"मग मी कामावर कशी जाऊ?"
मी पलंगाच्या कडेला बसले. त्याच्या कपाळावर हात ठेवला. तिथलं त्याला कळतं. म्हटलं, डॉक्टरांशी बोलू या दोघं. अंगाचं नाही, मनाचं. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.
वायर तशीच आहे. आईंना सांगितलंय, दुपारी आडवं व्हायचं नाही, दर अर्ध्या तासाला त्याला हात लावून बघायचं. उद्या सुपरवायझरला फोन जवळ ठेवायची परवानगी मागणार. देतील का माहीत नाही. रजा उरलेली नाही.
जेवणाचा डबा भरत होते तर आतून हाक आली. "उद्या किती वाजता येशील?"
"साडेतीनला."
मी झाकण लावलं. मग, "ये."