हसरे सर

८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उभा जन्म शिकवण्यात घालवल्यावर मला पुन्हा बाकावर बसवलंय. हवामानबदल कसा शिकवावा, याचं आम्हा प्राध्यापकांसाठी कॉलेजातच प्रशिक्षण आहे. काल प्रत्येकाला आपापल्या तासाचं चित्रीकरण दाखवलं. ताई, हिमनद्या वितळल्या की मी हसतो. समुद्र चढला की आणखी हसतो. पिकं करपली तेव्हा तर माझी अक्कलदाढही दिसली. पोरीचं लग्न ठरल्याची बातमी देत असावा, असा माझा चेहरा होता.

सगळे हसले, मीही हसलो. दुसरं येतं काय मला? मग प्रशिक्षक बाईंनी मुलांचे अभिप्राय वाचले. एकीनं नावासकट लिहिलं होतं की सरांचाच यावर विश्वास नाही, मग आम्ही कशाला ठेवायचा. ते मात्र लागलं. शेवटी प्राचार्यांसमोर, माझ्याच वर्गावर, नमुना पाठ आहे. तोही असाच झाला तर विषय दुसऱ्याकडे जाईल.

तुझ्या डोळ्यांच्या तपासणीचं कळव. दात दिसले तरी लोभ असू द्यावा.

तुझा,
बोका

१३ जानेवारी

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला हे आत्ता कळलं? आपल्या घरात वाईट बातमी आली की आधी दात बाहेर येतात. बाबांची नोकरी गेली तेव्हा ते इतक्या प्रसन्न चेहऱ्यानं घरी आले की आईला वाटलं बढती मिळाली. तिनं गोड करायला घेतलं होतं.

घाबरलो की आपण हसतो, पण त्या पोरीला ते कसं कळावं? तिला सरळ सांगून टाक. आरशासमोर सराव मात्र करू नकोस, आरशाचा काय दोष.

माझे डोळे ठणठणीत आहेत, नुसता चष्म्याचा नंबर बदलायचाय. मजेत आहे.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाठाला ओठ इतके घट्ट मिटले की एका सहकाऱ्यानं दाढ दुखतेय का म्हणून विचारलं. मग हसू फुटलंच. तेव्हा मुलांना सांगितलं की मला भीती वाटते, म्हणून हसतो. त्याच मुलीनं विचारलं, कसली भीती. म्हटलं, तुम्ही माझ्या वयाचे व्हाल तेव्हाच्या उन्हाळ्याची. ती पुढच्या बाकावर येऊन बसली. विषय माझ्याकडेच राहिलाय.

आता तुझं. तुझं पत्र पुन्हा वाचलं. डोळ्यांच्या ओळीपाशी आलो आणि मला तुझे दात दिसले. खरं काय ते लिही.

तुझा,
बोका

२७ जानेवारी

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतेय आणि शेजारीण लिहितेय. उजव्या डोळ्यानं दिसायचं थांबलंय. डावा वाचावा म्हणून पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे. शेजारीण मघापासून विचारतेय, यात हसण्यासारखं काय आहे. तिला म्हटलं, आमचा बोका आला की समजावून सांगेल, त्यानं त्याचं प्रशिक्षण घेतलंय.

भीती वाटतेय रे. लोभ आहेच, तू ये.

तुझी,
ताई